मदत हवी आहे : जामिनावर सुटलेल्या पेशंटच्या गोळ्यांत खंड पडू नये म्हणून काय करता?

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका कारागृहात एचआयव्ही-टीबीच्या पेशंटांचं समुपदेशन करते. आत असेपर्यंत गोळ्या बऱ्यापैकी जातात. एकजण लघवी केशरी झाली म्हणून घाबरून गोळ्या पांघरुणाखाली लपवायचा. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे तसं होतं हे समजल्यावर समोर गिळायला लागला.

खरी अडचण सुटकेची. जामिनाचा कागद संध्याकाळी येतो आणि माणूस तासाभरात बाहेर. मागे असाच एक गेला. टीबीच्या 6 महिन्यांच्या कोर्समधला तिसराच महिना, गोळ्यांची पाकिटं बराकीतच. घरी फोन केला तर आई म्हणाली, "ताई, त्यो तर टोळीसंगं कारखान्यावर गेला ऊस तोडायला." रिफाम्पिसिन चालू असताना डोल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीचं औषध दिवसातून दोनदा लागतं, आणि संध्याकाळची ती गोळी सगळ्यात आधी सुटते. फार जीव तुटतो.

निक्षय या सरकारच्या टीबी पेशंट-नोंदणी पोर्टलवर ट्रान्सफर टाकता येते, पण फडावर त्याला गाठणार कोण? सुटताना हातात महिन्याच्या गोळ्या द्यायची पद्धत तुमच्याकडे कशी बसवलीत? आणि मुकादमाला आजार कळू न देता पाठपुरावा कसा करता? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.