टाळ-तबला आणि देवाचं सान्निध्य

चर्चमधल्या संगीताच्या चर्चेत एकांनी लिहिलंय की पेटी-तबला-टाळ आले की उपासनेचं भजनी मंडळ होतं आणि देवाचं सान्निध्य फक्त ऑर्गनच्या संथ सुरांत नि शांततेत जाणवतं. शांततेचं मला पटतं. क्वेकर या ख्रिस्ती पंथातले कितीतरी लोक तासभर गप्प बसून उपासना करतात, तीही खरीच. पण टाळ-तबल्याला कमी लेखणं पटत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग-कीर्तनातूनच ख्रिस्त गायला. बायबलमधल्या स्तोत्र १५० मध्ये डफ आणि झांजा दोन्ही आहेत, हे तर आपण सगळेच वाचतो.

चर्चेत इथिओपियाचा उल्लेख आला नाही म्हणून सांगतो. तिथे राजा एझानाच्या काळात, चौथ्या शतकातच, ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला. युरोपातले मिशनरी तिथे पोचायच्या कितीतरी आधी. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही गेएझ या प्राचीन भाषेत गातात, मोठे ढोल वाजतात, हातात खुळखुळ्यासारखं सिस्ट्रम असतं आणि उंच काठ्या घेतलेले गायक तालावर संथ डोलतात. म्हणजे ढोल ही नंतरची तडजोड आहे, असं म्हणायला जागाच नाही.

आमच्या सोलापुरात घरगुती प्रार्थनासभेला मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे एकत्र बसतात. एका आजींनी तेलुगूत गायला सुरुवात केली, मला शब्द कळेना, तरी डोळे भरून आले. प्रभू तिथे होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.