साहेबांकडून फिरणारी वही: कचेरीत जोडधंद्याचा प्रचार किती चालवून घ्यावा?

आवक-जावक
मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत लिपिक आहे. उन्हाळ्यात वाळवणं सुरू झाली की आमच्या एक सहकारी ताई घरच्या कुरडया, मूगवड्या, सरगुंडे आणतात. ज्याला हवं तो सांगतो आणि डब्याच्या सुटीत पिशवी घेऊन जातो. कोणाला त्रास नाही, उलट त्यांनी आणलं नाही तर लोक विचारतात.

आता साहेबांच्या घरून कसल्याशा पोषण पावडरची एजन्सी घेतली आहे. पगार झाला की टेबलाटेबलावर वही फिरते. नाव लिहा, किती डबे ते लिहा. आमच्या शिपाईदादांनीही नाव घातलं. त्यांच्या घरी दूधसुद्धा मोजून घेतात, हे मला माहीत आहे. जबरदस्ती कोणी केली नाही. पण कोणाचं नाव वहीत नाही हे साहेबांना दिसतं, आणि गोपनीय अहवाल तेच लिहितात.

माझं मत असं की ज्याच्या हातात आपली रजा आणि अहवाल आहे त्याने आपल्याला काहीही विकू नये, घरच्यांच्या नावाने तर नाहीच. बरोबरीच्याने विकावं, पण एकदा सांगून थांबावं. आणि काम घेऊन आलेल्या माणसापुढे कोणीच पिशवी उघडू नये. तुम्हाला काय वाटतं?

खडू-फळा
ताई, साहेबांनी विकू नये पण बरोबरीच्याने विकावं, ही तुमची विभागणीच मला मान्य नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय राज्य कर्मचाऱ्याला व्यापार-धंदा करता येत नाही. घरच्या माणसाच्या विमा एजन्सीसाठी किंवा कमिशनच्या धंद्यासाठी लोकांना गळ घालणं हाही नियमभंगच धरला आहे. म्हणजे धंदा बायकोचा आहे ही सबब चालत नाही. आम्हा जिल्हा परिषदवाल्यांना 1967 चे वेगळे वर्तणूक नियम आहेत.

मी शिक्षक आहे. पालकांशी मुलाच्या प्रगतीबद्दल बोलता बोलता पॉलिसीवर येणारे मास्तर मी पाहिले आहेत. बाप नाही म्हणू शकत नाही, कारण पोरगं उद्या त्याच वर्गात बसणार असतं. कुरडयांना सूट दिली की पॉलिसीवाल्याला कोणत्या तोंडाने अडवायचं?

अंबाडी
मास्तर, तुमाले वेतन आयोग हाय, मले मानधन. तेही येईल तवा खरं. मी आरोग्य खात्यात कंत्राटी हावो. घरी सासू अन् मी मिळून तिखट-हळद करतो. गावचा बजार नेमका ड्युटीच्या दिवशी भरते. दुकानदाराले देलं तं तो पडत्या भावात मागते अन् पैसे पोळ्यापर्यंत अडकवते. माह्यासाठी बजार म्हणजे सोबत काम करणाऱ्या बाया. मिरची कोणत्या वावरातली हाय, देठ काढून वाळवली का नाही, हे त्याइले माहीत असते.

पुरुष मंडळी ड्युटीतून उठून टपरीवर प्लॉट विकतात, विमा विकतात, त्याले कोणी काही म्हणत नाही. बाईनं पिशवीतून तिखटाचा पुडा काढला का मंग शिस्त आठवते. पेशंटले मी कधीच काही विकत नाही. तेवढं मले समजते.

कोरडवाहू
तुम्ही सगळे टेबलाच्या आतल्या बाजूने बोलत आहात. बाहेर आम्ही उभे असतो. आमच्याकडे एका कर्मचाऱ्याच्या भावाचं कृषी केंद्र आहे. मृगाच्या तोंडावर सल्ला विचारायला गेलं की कागदावर दुकानाचं नावच लिहून मिळतं. बीटी कपाशीच्या पाकिटाचा कमाल भाव केंद्र सरकार ठरवून देतं, त्यामुळे बियाण्यात फार लुबाडता येत नाही. कमाई असते सोबत गळ्यात मारलेल्या पिकाच्या टॉनिकमध्ये. खताच्या पोत्याबरोबर नको असलेली बाटली घ्यायला लावतात त्याला आम्ही लिंकिंग म्हणतो, आणि ते चुकीचं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पंचनाम्याला उद्या हाच माणूस बांधावर येणार, म्हणून आम्ही गुपचूप बाटली घेतो.

तुमच्या शिपाईदादांचं दुःख मला समजतं. पण शेतकऱ्याचं त्याहून मोठं आहे. त्याचा पूर्ण हंगाम त्या एका चिठ्ठीवर जातो.

सरकी
मी खाजगी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात आहे. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास काम सुरू होतं आणि उन्हाळ्यात कापूस सरला की बंद. मग काय खायचं? कोणी रसवंती लावतो, कोणी बकऱ्या पाळतो, माझं मोबाईल दुरुस्तीचं आहे. मालकाला सगळं माहीत आहे, गेटवर माझा बोर्डही लावू दिला. सरकारी नियम खाजगीवाल्यांच्या डोक्यावर मारू नका. मालकाला सांगितलं, कामाच्या वेळेत केलं नाही, मालकाच्या गिऱ्हाइकांचे नंबर वापरले नाहीत, तर त्यात वाईट काय?

खडू-फळा
सरकीभाऊ, मालकाची परवानगी आहे ना? मीही तेच मागतो आहे. परवानगी घ्या, लेखी घ्या.

पण आवक-जावक ताईंना विचारतो, बरोबरीच्याने किंवा खालच्याने विकलं तर ते निर्मळ कसं? साहेबांना दर उन्हाळ्यात कुरडया पोचवणाऱ्या माणसाची उशिराची हजेरी कशी लागते, ते बघा. मी तर पाहिलं आहे.

आवक-जावक
हा मुद्दा मी धरला नव्हता, आणि तो खरा आहे. साहेबांनी विकत घेतानाही रोख आणि पूर्ण भाव द्यावा. भेट म्हणून पिशवी घेऊ नये.

तरीही कुरडया आणि पावडर मला एका मापाच्या वाटत नाहीत. ताईंच्या कुरडया न घेणाऱ्याचं काही बिघडत नाही. माझ्यासाठी कसोटी तीच आहे: नाही म्हटल्यावर माणसाचं काय बिघडतं? कोरडवाहूंचं सगळ्यात जास्त बिघडतं, म्हणून त्यांच्या बाबतीत मी मास्तरांच्या बाजूने, पूर्ण बंदीच हवी.

संत्रा बहार
ती पावडर साखळीतली, म्हणजे घेणाऱ्याने पुढे माणसं जोडायची अशी, आहे का ते आधी बघा. थेट विक्रीसाठी केंद्राचे 2021 चे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यांत पिरॅमिड योजनांना, म्हणजे माणसं जोडण्यावरच कमाई चालते अशा योजनांना, मनाई आहे. पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी आणणारा कायदा तर 1978 चा. आज डबा घेतलेल्याला उद्या "तुम्हीही जॉइन व्हा" म्हणतील. आमच्या वरुडकडे अशा मीटिंगांमध्ये सख्ख्या मित्रांची बोलाचाली बंद झाली. कचेरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर यातलं काहीच नको. तो ग्रुप सोडता येत नाही, तिथे जाहिरात टाकणं म्हणजे माणसाला कोंडून ऐकवणं.

अंबाडी
ग्रुपचं पटलं. मी आमच्या बायायचा वेगळा ग्रुप केला, ज्याले नको ते निघून जाते. मी कोणाले दोनदा विचारत नाही. उधारी ठेवत नाही, कारण उधारी झाली का ड्युटीवर एकमेकीचं तोंड चुकवा लागते. पुड्यावर तारीख टाकतो. मास्तर, लेखी परवानगी मागाले मी तयार हावो. पण साहेबानं अर्ज पाहूनच "धंदे बंद करा" म्हटलं तं माह्या पोरीची फी कोण भरते?

खडू-फळा
त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मानधन वेळेवर मिळावं यासाठी तुमच्यासोबत उभा राहीन, पण नियमाला भोक पाडायला तयार नाही. बचत गटाच्या नावाने सासूबाईंनी उघडपणे विकलं आणि तुम्ही ड्युटीवर त्याबद्दल शब्द काढला नाही, तर मला हरकत नाही.

अंबाडी
शब्द नाही काढला तं विकते कसं? बचत गटाचा स्टॉल प्रदर्शन असलं तरच लागते, वर्षभर कुठं लागते?

नवीन रुजू
माझी पहिलीच नोकरी, परिविक्षा म्हणजे कायम होण्याआधीचा काळ चालू आहे. अशीच वही काल माझ्या टेबलावर आली. काय बोलावं?

खडू-फळा
सरळ "मला नको" म्हणा. कारण देऊ नका. कारण दिलं की त्यावर तोड काढतात.

अंबाडी
नव्या पोरानं असं तोडून बोलू नये, मास्तर. "घरी विचारून सांगतो" म्हणावं अन् वही पुढं सरकवावी.

आवक-जावक
पुढे सरकवली की ती शिपाईदादांकडेच जाते. आमच्याकडे वही आधी माझ्या टेबलावर येते. या महिन्यात मी ती पुढे न देता साहेबांच्या केबिनमध्ये परत नेऊन ठेवणार आहे आणि सांगणार आहे की ज्याला हवं असेल तो तुमच्या घरी येऊन घेईल. नवीन रुजू, तुमच्या कचेरीतला सगळ्यात जुना लिपिक कोण ते बघा आणि त्याच्याशी आधी बोला.