एडीएचडी समजावायला व्हिडिओ गेम वापरावा का?

निळी शाई: शिक्षकांसाठी एडीएचडीवर, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं त्या अवस्थेवर, एक सत्र घ्यायचं आहे. भाषणं ऐकून सगळे कंटाळलेत, म्हणून छोटा गेम खेळायला द्यावा म्हणते. पुतण्याने नमुना बनवलाय: गणितं सोडवायची, मध्येच फोन वाजतो, पाखरू उडतं, कुणी हाक मारतं. याने त्या मुलांचं काय होतं ते कळेल का?

धांदरट: मला स्वतःला एडीएचडी आहे, निदान मोठेपणी झालं. ताई, पाखरू आणि फोन हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. तुमच्या गेममध्ये लक्ष बाहेरून कुणीतरी ओढतंय. माझी खरी पंचाईत शांत खोलीत होते. फॉर्म समोर असतो, उद्या शेवटची तारीख आहे हे पक्कं ठाऊक असतं, आणि तरी हात हलत नाही. तेव्हा असं करा: बटण दाबलं तरी पात्र उठायलाच नको. कधी चार वेळा दाबल्यावर उठेल, कधी पहिल्याच झटक्यात. तो 'कधी कधी' फार महत्त्वाचा, कारण त्यावरूनच आम्हाला ऐकावं लागतं, "काल तर जमलं होतं की!" सूचना एकदाच दाखवा, तीन कामं एकदम, आणि पुसून टाका. घड्याळ लपवा.

आणि हो, गुण, टाळ्या, टुणटुण आवाज काढून टाका. दर क्लिकला बक्षीस मिळालं तर आमचंही लक्ष तासन्‌तास लागतं. म्हणून तर "मोबाइलवर बरं लक्ष लागतं!" हा टोमणा. तुमचा गेम रटाळच हवा.

उंबरठा: मला धास्ती वेगळी आहे. २०१४ मध्ये सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. थोडा वेळ अंधत्व 'अनुभवलेल्या' लोकांना वाटू लागलं की अंध माणसं नोकरीला, स्वतंत्र राहायला कमी सक्षम असतात. पट्टी बांधली की पहिली चाचपड कळते, सरावाने आलेलं कसब कळत नाही. इथेही "बिचारी पोरं" एवढंच हाती लागायचं.

निळी शाई: मग २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपचारांना परवानगी देणारी संस्था) ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी मान्य केलेला एडीएचडीवरचा गेम दाखवू का?

उंबरठा: तो उपचारासाठी आहे, मुलांनी खेळायचा. तुमचं काम वेगळं. २०१७ च्या 'हेलब्लेड' या गेममध्ये सायकोसिस (भास होणं, वास्तवाचं भान सुटणं) दाखवताना तो अनुभवलेली माणसं आणि केंब्रिजचे मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर सोबत होते. तुम्हीही एडीएचडी असलेल्या कुणाला तरी आधी खेळायला द्या.

धांदरट: उंबरठा यांचं पटलं. मग दोन फेऱ्या ठेवा. दुसऱ्या फेरीत तेच काम, पण सूचना पडद्यावर टिकून राहते, घड्याळ दिसतं, कामाचे तुकडे पाडलेले, प्रत्येक तुकड्यानंतर लगेच 'झालं'ची खूण. खेळणारा तोच, निकाल वेगळा. मग शिक्षकांना विचारा, यातलं उद्याच्या तासाला काय काय करता येईल. नमुना पाठवा, मी खेळून बघतो. फक्त आठवण करावी लागेल.