"फेडरल पैसा बाराच टक्के, मग रडता कशाला?" : एका ग्रँटखाऊ प्राध्यापिकेचं उत्तर

मधल्या सुट्टीतली (धागाकर्ती, नोव्हेंबर २०२५)

परवा टेक्सासचा तात्या यांची पोस्ट वाचली. म्हणणं असं: अमेरिकेत विशेष (म्हणजे दिव्यांग मुलांच्या) शिक्षणाच्या खर्चात वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा, वाटा जेमतेम बारा-तेरा टक्के, बाकी सगळं राज्य आणि स्थानिक शाळा-डिस्ट्रिक्ट भरतात. मग सरकार बंद करू पाहतंय त्या केंद्रीय शिक्षण विभागाला टाळं लागलं तरी मुलांचं काही अडत नाही, अडतं ते "ग्रँटवर पोसलेल्या प्राध्यापकांचं". मी त्या पोसलेल्यांपैकीच. दोन दिवस गप्प बसले. आज पेपर तपासायचे सोडून लिहायला बसले आहे.

आधी ते बारा टक्के. १९७५ साली विशेष शिक्षणाचा कायदा झाला तेव्हा केंद्राचं वचन ४० टक्क्यांचं होतं. येत्या २९ नोव्हेंबरला त्यावरच्या राष्ट्राध्यक्ष फोर्डच्या सहीला ५० वर्षं होतील, ४० काही कधी गाठले नाहीत. थोरल्या भावानं आईच्या औषधपाण्याचे चाळीस कबूल करून बारा-तेरा हातावर ठेवायचे, आणि आपण म्हणायचं, एवढेच देतो ना, मग तेही कशाला? छान न्याय आहे.

पण माझं दुखणं दुसऱ्याच पैशाचं आहे. मुलांसाठी राज्यांकडे जातो तो कायद्याच्या भाग बी चा पैसा, चौदाशे कोटी डॉलरच्या वर. भाग डी मधून विशेष शिक्षक, थेरपिस्ट आणि त्यांना शिकवणारे तयार होतात. त्या तयारीसाठी अख्ख्या देशाला वर्षाकाठी साधारण साडेअकरा कोटी. चौदाशेपुढे हा चिल्लर झाला. पण शाळेत शिक्षक नाही म्हणून तुम्ही बोंब मारता तो शिक्षक या चिल्लरीतून येतो.

माझ्या ग्रँटवर चार पीएचडीचे विद्यार्थी आहेत. ग्रँट पाच वर्षांची म्हणायची, पण पुढच्या वर्षाचं पत्र दर वर्षी नव्यानं यायला लागतं. यंदा सप्टेंबरात ओळखीतल्या एकीला "पुढे चालू नाही" असं पत्र आलं. कारण काय, तर अर्जातली विविधतेबद्दलची वाक्यं. अहो, अर्जाच्या नमुन्यातच तो प्रश्न होता! उत्तर दिलं नसतं तर गुण कापले असते. माझं पत्र आलं, पण तोवर झोप गेली ती गेलीच.

मग शटडाऊन, म्हणजे बजेट अडलं म्हणून सरकारी कामकाज बंद. १० ऑक्टोबरला विभागातल्या ४६६ लोकांना नोकरीवरून काढल्याच्या नोटिसा, त्यात विशेष शिक्षणाचं ऑफिस जवळजवळ रिकामं. ज्या बाईंना मी विद्यार्थिनीचा अडलेला प्रश्न विचारणार होते त्यांच्याकडून नुसता ऑटो-रिप्लाय. १२ नोव्हेंबरला शटडाऊन संपलं, नोटिसा मागे घेतल्या, ३० जानेवारीपर्यंत. म्हणजे संक्रांतीची हळदीकुंकवं आटोपेपर्यंत नोकरी पक्की.

आणि तो प्रश्न काय होता? या पैशावर एक वर्ष शिकलं की दोन वर्षं या क्षेत्रात काम करायचं, नाहीतर पैसे परत. नऊ वर्षांची शाळेतली नोकरी सोडून आलेली माझी विद्यार्थिनी विचारते, तिसऱ्या वर्षी पैसे थांबले आणि डिग्री अर्धवट राहिली तरी माझ्या डोक्यावर चार वर्षं राहतीलच ना? मी नियम वाचून दाखवला. हो, राहतील. तिनं डबा उघडला आणि तसाच बंद केला.

टेक्सासचा तात्या

लेख झकास, पण उत्तर भलत्यालाच दिलंत. मी मुलांच्या विरोधात एक अक्षर लिहिलेलं नाही. माझा मुद्दा साधा आहे. कायदा १९७५ चा, विभाग सुरू झाला १९८० मध्ये. मधली वर्षं कायदा चालत होताच ना? विभाग गेला तर काम दुसऱ्या खात्याकडे जाईल. कायदा काँग्रेसचा आहे, तो काही कुलुपाबरोबर जात नाही.

दुसरं, माझ्या घरावरच्या प्रॉपर्टी टॅक्सचा मोठा हिस्सा शाळेला जातो. ते पैसे वर्गात न जाता चाळीस-चाळीस पानी आयईपी (एकेका मुलाचा शिक्षण-आराखडा) टाईप करण्यात जातात. तुमच्याकडून शिकून बाहेर पडलेला शिक्षक मुलाला कमी आणि फॉर्मला जास्त वेळ देतो, हे तुम्हीही जाणता. आणि टेन्युअर (प्राध्यापकाची कायमची नोकरी) असलेल्यांनी अनिश्चिततेबद्दल बोलू नये. आयटीत आम्हाला शुक्रवारी दुपारी सांगतात, सोमवारी येऊ नका. आम्ही धागे नाही काढत.

उंटावरचा

तात्या, तुम्ही धागे नाही काढत? गेल्या महिन्यातले टोल, एचओए (घरांची सोसायटी) आणि भेसळीचं तूप हे तीन कोणाचे?

इडलीपात्र

तात्या, तुम्ही *टेक्सासात* बसून म्हणताय की राज्यावर सोपवा? तुमच्याच राज्यानं २००४ पासून साडेआठ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं होतं. शंभरात साडेआठांच्या वर मुलं विशेष शिक्षणात दिसली की डिस्ट्रिक्टला जाब. देशाची सरासरी तेरा. २०१६ साली ह्यूस्टन क्रॉनिकलनं ते बाहेर काढलं, आणि राज्यानं कायदा मोडला हे जानेवारी २०१८ मध्ये लेखी कोणी दिलं? तुमच्या त्या नकोशा फेडरल विभागानं.

आम्ही त्या साडेआठाबाहेर राहिलेले. २०१३ मध्ये मुलगा चार वर्षांचा, दोन शब्द जोडत नव्हता. तपासणी मागितली तर "थांबून पाहू". दोन वर्षं थांबून पाहिलं. शेवटी झाली तेव्हा स्पीच थेरपीवाल्या बाईनं पहिलं वाक्य काय म्हणावं? "घरी तुमची भाषा बंद करा, फक्त इंग्लिश." मी केली बंद. सासूबाईंना फोनवर सांगितलं, त्याच्याशी मराठीत बोलू नका. त्यांना इंग्रजी येत नाही. म्हणजे काय झालं ते समजा.

स्पीचवाली

मी याच पेशातली, न्यू जर्सीत. हा सल्ला देणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. चुकीचा सल्ला आहे, ठार चुकीचा. दोन भाषांनी उशीर होत नाही, ऑटिझम असला तरी नाही. आई ज्या भाषेत लाडानं ओरडते त्याच भाषेत मूल शिकतं.

सोलापुरी चादर

राग येऊ द्या, पण अनुभव सांगतो. आमच्याकडे आई मराठी, बाप कन्नड, डे-केअर इंग्लिश. पोरगं तीन वर्षांचं होईस्तोवर मुकं. सगळं बंद करून इंग्लिश ठेवलं, चार महिन्यांत बोलायला लागलं. तुमचे अभ्यास तुमच्यापाशी ठेवा.

स्पीचवाली

त्याच चार महिन्यांत थेरपी सुरू झाली होती का?

सोलापुरी चादर

झाली होती. आठवड्याला दोनदा. मग काय झालं?

स्पीचवाली

काही नाही. चहा घ्या.

उंटावरचा

पुण्यातही हेच सांगतात हो. "एकच भाषा ठेवा." कोणती, ते सांगायला लागतच नाही.

टेक्सासचा तात्या

धागा ग्रँटवर होता ना? असो. साडेआठ टक्क्यांचं खरं आहे, नाकारत नाही. पण हेही बघा, ते बाहेर काढलं पेपरवाल्यांनी. विभाग बारा वर्षं काय करत होता? एवढा मोठा पहारेकरी ठेवून चोर शेजाऱ्यालाच दिसला.

इडलीपात्र

पहारेकरी झोपला म्हणून पहारेकरीच काढून टाकायचा? चावी चोराकडेच देऊ मग. एवीतेवी त्याला घर माहीत आहे.

मधल्या सुट्टीतली

तात्या, तीन गोष्टी. टेन्युअर मला नाही. त्यासाठीची फाईल पुढच्या वर्षी जाते, आणि ग्रँट बुडाली तर फाईलही बुडते. म्हणजे माझा स्वार्थ आहे, लपवत नाही. दुसरं, फॉर्मबद्दल तुमचं बरोबर आहे. हे मी दात ओठ खाऊन लिहिते आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

तिसरं, "दुसऱ्या खात्याकडे जाईल". १९८० च्या आधी काम ज्या खात्यात होतं तिथे ते करणारी माणसं होती. इथे आधी माणसं काढली. मार्चमध्ये विभाग ४,१०० वरून निम्म्यावर आणला. नागरी हक्कांची बारापैकी सात प्रादेशिक ऑफिसं बंद केली. मुलाला खोलीत कोंडलं अशी तक्रार आई आज करते, ती कोणाच्या टेबलावर जाते? टेबल आहे. खुर्ची रिकामी आहे.

आणि भाषेचा विषय भरकटलेला वाटतो, पण नाही. तो सल्ला चूक आहे हे स्पीचवालीताई छातीठोकपणे म्हणू शकतात, कारण कोणीतरी वर्षानुवर्षं दोन भाषांच्या घरांतली मुलं मोजली. असं काम इथे शिक्षण संशोधन संस्थेच्या विशेष शिक्षण केंद्रासारख्या ठिकाणच्या पैशावर चालतं. फेब्रुवारीत त्याच संस्थेची ८९ कंत्राटं एका फटक्यात रद्द झाली.

सोलापुरी चादर

त्या मोजलेल्या मुलांत मराठी किती होती?

मधल्या सुट्टीतली

बहुतेक अभ्यास स्पॅनिश, चिनी, फ्रेंच घरांतले. मला मराठी घरांवर करायचा होता. अर्जाचा मसुदा डिसेंबरपासून लॅपटॉपमध्ये पडून आहे.

सोलापुरी चादर

म्हणजे नाहीच. धन्यवाद.

गोदाकाठ

सगळं वाचलं. हसावं की रडावं. मी नाशिककडची, विशेष शिक्षिका, करारावर. सात शाळा, एक स्कूटी. सतरा वर्षं झाली, दर वर्षी नवा करार, मध्ये दोन दिवसांची मुद्दाम फट. प्राथमिकला दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि वर पंधरामागे एक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली सांगितलंय. माझ्या वहीत किती मुलं आहेत ते लिहीत नाही, तुमचा विश्वास बसणार नाही. मानधन दोन-दोन महिने येत नाही. तुमच्याकडे पत्र महिनाभर लांबलं तर एवढा मोठा लेख! इकडे पत्र येतच नाही बाई.

उंटावरचा

आता बोला.

मधल्या सुट्टीतली

काय बोलणार. तुमच्यापुढे माझं रडगाणं एसीतलं आहे, मान्य. पण "आम्ही सतरा वर्षं भोगतोय, तुम्हीही भोगा" हे मला पटत नाही. उलट तुमच्याकडे बघून मी घाबरते. दर वर्षीचा करार ही रीत एकदा पडली की सतरा वर्षं जातात.

गोदाकाठ

भोगा असं म्हटलं नाही. लाज वाटू द्या एवढंच म्हटलं. थोडी.

टेक्सासचा तात्या

गोदाकाठ ताई, तुमच्याकडे तर सगळं दिल्लीच्या पैशावर, तरी ही दशा. माझाच मुद्दा सिद्ध झाला.

गोदाकाठ

काका, दिल्ली साठ देते, राज्य चाळीस. पैसे दोघांत अडकतात आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. माझ्यामुळे तुमचा मुद्दा सिद्ध करू नका.

इडलीपात्र

तात्या, बसा आता.

टेक्सासचा तात्या

बसलोच आहे. एवढं लिहितो: "पोसलेले" हा शब्द मागे. प्राध्यापक गरजेचे आहेत, ग्रेडिंग सोडून धागे काढणारे थोडे कमी चालतील. चाळीस टक्के द्यायला मात्र माझा आजही विरोध, आणि त्या फॉर्मांची पानं मोजून दाखवा कोणीतरी.

इडलीपात्र

आमचा शेवटचा आयईपी एकतीस पानी होता. त्यातलं कामाचं एक वाक्य होतं, तेही मी भांडून घालून घेतलेलं. मुलगा आता सोळाचा. मराठी समजते, बोलत नाही. आजी गेली मार्चमध्ये.

स्पीचवाली

ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलंत. चूक सांगणाऱ्याची.

सोलापुरी चादर

मी वर थोडं जास्त बोललो. पण माझं पोरगं बोललं हेही खरंच आहे.

गोदाकाठ

मधल्या सुट्टीतली ताई, एक काम. दोन भाषांनी काही बिघडत नाही, हे साध्या मराठीत दोन पानांत लिहून द्याल का? इकडे भिल्ली आणि कोकणा बोलणाऱ्या आया आहेत, त्यांना अंगणवाडीत सांगतात की घरी मराठीच बोला. तोच सल्ला, फक्त भाषा बदलली. मला त्यांच्यापुढे ठेवायला कागद हवा.

मधल्या सुट्टीतली

देते. ३० जानेवारीनंतर चालेल? तेव्हा बहुतेक वेळच वेळ असेल.

गोदाकाठ

त्याआधी द्या. माझा करार मार्चपर्यंतच आहे.