मदत हवी आहे : आयडी एडिटरमध्ये ऑफसेट (उपग्रहचित्र किती सरकवून घ्यायचं ते) कशावरून ठरवावा?

ओपनस्ट्रीटमॅपवर (सगळ्यांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) वाशी सेक्टर १७च्या इमारती आयडी एडिटरमधून (ब्राउझरमध्ये चालणारा त्याचा संपादक) रेखाटतोय. बिंगच्या उपग्रहचित्रावर चपखल बसलेली इमारत एसरीच्या उपग्रहचित्रावर काही मीटर सरकलेली दिसते. टॉवर कललेले दिसतात, म्हणून आधी छत गिरवायचं, क्यू दाबून कोपरे काटकोनात आणायचे, मग एम दाबून आकार पायथ्यावर सरकवायचा, इथवर ठीक. पण पायथा कुठल्या चित्राचा धरायचा?

जीपीएस ट्रेस (लोकांनी फिरताना नोंदवलेल्या वाटांच्या रेघा) लावून पाहिले, तर टॉवरांमधल्या गल्लीत रेघांचा नुसता गुंता (सिग्नल भिंतींवर आपटून येतो, दुसरं काय होणार). पाम बीच रोडच्या मोकळ्या पट्ट्यावर ऑफसेट जुळवून तोच इथे वापरला तर चालेल का?

शिवाय, कोपरा रस्त्याला चिकटू नये म्हणून ऑल्ट दाबून ठेवतो. आधीच चिकटलेला बिंदू डीने सोडवला की शेजारच्या इमारतीची सामायिक भिंतही सुटते. फक्त रस्ता कसा सोडवायचा?