‘दुष्काळ’, ‘दुष्काळसदृश’ आणि ‘ओला दुष्काळ’: बातमीत शब्द कोणाचा घ्यावा?

मांजराकाठ:
नमस्कार. मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा आमच्या ग्रामीण वार्ताहराने पाठवलेल्या बातमीत ‘ओला दुष्काळ’ असा शब्द होता. शेंगांतच कोंब फुटलेल्या सोयाबीनचा फोटोही सोबत होता. दुष्काळ कधी मानायचा हे ठरवणाऱ्या केंद्राच्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत असा शब्दच नाही, असे सांगून वरिष्ठांनी तो काढायला लावला आणि ‘अतिवृष्टीने पिकांचे नुकसान’ असा मथळा गेला. मुख्यमंत्र्यांनीही त्याच सुमारास हेच कारण दिले होते; दुष्काळातल्या सवलती मात्र लागू करू, असे त्यांनी म्हटले होते. गंमत अशी, की त्याच पानावर खाली ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही विरोधकांची मागणी अवतरणचिन्हांत जशीच्या तशी छापली गेली. म्हणजे वाचकाच्या दृष्टीने तो शब्द केवळ एका पक्षाचा झाला. वास्तविक आमच्या भागात तो कोणत्याही पारावर ऐकू येतो. अशा वेळी बातमीदाराने शब्द कोणाचा वापरावा?

खिळाजुळारी:
हा प्रश्न जुना आहे. महाराष्ट्राने १९६३ मध्ये एक कायदा करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला आणि त्याच्या जागी टंचाई या अर्थाचा शब्द घातला. त्यानंतर नऊच वर्षांनी १९७२ उजाडले. सरकारी कागदांत टंचाई होती, पण ज्यांनी मिलो ही आयात ज्वारी आणि सुकडी हा वाटपाचा पूरक आहार खाऊन खडी फोडली, ते आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ असेच म्हणतात. यात भाषेचाही एक पेच आहे. इंग्रजीत अन्नाअभावी माणसे मरणे आणि पाऊस न पडणे यांना दोन वेगळे शब्द आहेत, तर मराठीत दोन्हींना दुष्काळच म्हणतात, आणि ‘अवर्षण’ हा नेमका शब्द पुस्तकांतच राहिला. त्यामुळे भूकबळी नाहीत म्हणून दुष्काळ नाही, असा युक्तिवाद मराठीत करता येतो आणि तो पटकन खोडताही येत नाही.

दुसरे उदाहरण २०१६ चे. तोपर्यंत शासन निर्णयांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असे लिहिले जात होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिथे ‘दुष्काळसदृश’ म्हटले आहे तिथे ‘दुष्काळ’ असे वाचावे, असे शुद्धिपत्रक काढण्याचे सरकारने त्या मे महिन्यात न्यायालयात मान्य केले. सुमारे २९ हजार गावांचा हा प्रश्न होता. विहिरी आदल्या दिवशी जितक्या कोरड्या होत्या तितक्याच दुसऱ्या दिवशीही होत्या, पण बातम्यांचे मथळे मात्र ‘दुष्काळ जाहीर’ असे आले. तोवर ‘सदृश’ हा प्रत्यय आपण सर्वांनी निमूटपणे छापला होता. मीही छापला, हे कबूल करतो.

सातबारा:
महसूल खात्यात माझी नोकरी झाली, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. ‘दुष्काळ’ हा शब्द आमच्याकडे वर्णनासाठी नसतो; तो एक आदेश असतो. तो लागला की जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्कमाफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता अशी साखळी सुरू होते. पूर्वी हे पैसेवारीवर, म्हणजे नेहमीचे पीक रुपया धरले तर यंदाचे किती पैसे भरते यावर, ठरे. गावात दोरी आखून, खुंट्या मारून निवडलेल्या तुकड्यातले पीक कापायचे, मळायचे, तराजूत घालायचे, आणि ५० पैशांच्या आत आले तर गाव टंचाईत. मंडळ अधिकारी वजन लिहीत असताना कडेला उभ्या शेतकऱ्याला आपले पीक कमी भरावे असे वाटत असते, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. केंद्राच्या २०१६ च्या संहितेने कसोटी बदलली. पावसाची तूट, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतला ओलावा, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ असे निर्देशांक आले आणि केंद्राच्या मदतीसाठी दुष्काळ ‘गंभीर’ असणे महत्त्वाचे ठरले.

म्हणूनच २०१८ मध्ये १५१ तालुके जाहीर झाले आणि २०२३ मध्ये फक्त ४०, हे आकडे शेजारी ठेवून दोन वर्षांची तुलना करताना जपावे. पाऊस, निकष आणि निर्णय हे तिन्ही त्यांत मिसळलेले असतात. शिवाय २०२३ मध्येच पुढे हजाराच्या आसपास महसूल मंडळांना (तालुक्यातल्या गावांच्या गटांना) ‘दुष्काळसदृश’ ठरवून सवलती दिल्या गेल्या. त्या मंडळांबद्दल आपण सरसकट ‘दुष्काळ जाहीर’ असे छापले, तर शेतकरी कात्रण घेऊन तहसीलमध्ये येतो आणि टेबलामागच्या माणसाला ‘तुमचे नाव या यादीत नाही, त्या यादीत आहे’ असे सांगावे लागते.

पर्जन्यमापक:
हवामानाच्या बातम्यांतही हेच चालते. हवामान विभागाने २०१६ पासून देशासाठी ‘दुष्काळी वर्ष’ असे म्हणणे सोडून ‘तुटीचे वर्ष’ म्हणायला सुरुवात केली. जिल्ह्याच्या पातळीवर १९ टक्क्यांपर्यंतची तूट ‘सामान्य’ गणली जाते, आणि बातमीत मात्र ‘जिल्ह्यात पाऊस सामान्य’ एवढेच उतरते. देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरीही २०२२ मध्ये ८८ सेंटिमीटरवरून ८७ वर आली. ती अशी अधूनमधून अद्ययावत करण्याची रीतच आहे, त्यात कोणाचा कावा नाही. पण समजा देशात ८४ सेंटिमीटर पाऊस झाला, तर जुन्या सरासरीने तो सुमारे ९५ टक्के, म्हणजे सामान्यापेक्षा कमी, आणि नव्या सरासरीने जवळजवळ ९७ टक्के, म्हणजे सामान्य. थेंब तेवढेच आणि मथळा मात्र वेगळा. एका ओळीत सरासरी कोणत्या कालखंडाची आहे ते लिहिण्यास जागा नसते, हे कारण मला तरी पटत नाही.

मांजराकाठ:
आपणा सर्वांचे आभार. सातबारा यांचा मुद्दा मी धरला नव्हता. कात्रण घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचा विचार करता ‘जाहीर’ हे क्रियापद मी यापुढे शासन निर्णय हातात असल्याशिवाय वापरणार नाही. मात्र ‘ओला दुष्काळ’ अवतरणचिन्हांत कोंडायला मन तयार नाही. काल वरिष्ठांशी बोललो. वार्ताहराच्या मजकुरात तो शब्द राहू द्यायचा आणि शेजारी दोन ओळींची चौकट टाकायची, की संहितेत हा प्रकार नाही आणि मदत अतिवृष्टीच्या निकषांनुसार मिळते, असे मी सुचवले. चौकट त्यांनी मान्य केली. मथळ्याचा वाद अजून मिटलेला नाही.