कासवासाठी जाळं कापलं, भरपाई मिळते का?

प्रश्न: बाबा दापोलीकडचे तांडेल, मासेमारी बोटीचे प्रमुख. परवा मोठं कासव जाळ्यात गुरफटलं. पुढचा पाय दोऱ्यात करकचून आवळलेला, डोळ्यांतून पाणी. बाबांनी सरळ सुरी घातली. जाळं नवंच होतं, उधारीवर घेतलेलं. काही मिळेल का?

उत्तर १: मिळतं, ताई. डिसेंबर २०१८ पासून राज्याची योजना आहे, वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून राबवतात. संरक्षित जीव सोडताना जाळं फाटलं तर जास्तीत जास्त २५,००० रुपये. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क, सगळे येतात त्यात. मात्र सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. काढलेत ना?

उत्तर २: मी वेळासचा. आमच्याकडे २००२ मध्ये सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, पुढे वनखातं आणि गाव जोडलं गेलं. पूर्वी अंडी सर्रास चोरीला जायची. आता पिल्लं पाण्यात जाताना बघायला पाहुणे येतात, घरोघरी त्यांची जेवणं होतात. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्नकर्ती: भावाने मोबाइलवर घेतलाय व्हिडिओ! कासव बुडी मारतं तिथवर आहे. बोटीचे कागद घेऊन उद्याच जातो. बाबा म्हणाले, पैसे नसते मिळाले तरी कापलंच असतं.